आर अक्षराचा आठवडा

देवासच्या मार्तंडरावांना इंटरनेटवर लोक ‘गुरुजी’ म्हणायचे. डोंबलाचे गुरुजी! त्यांची सगळी विद्या मागे पाटावर लसूण सोलत बसलेली असायची, आणि तिचं नाव राजाबाई. त्यांची थोरली बहीण. राजगढला दिलेली, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली.

साल २००५. गाण्याच्या वेड्यांचा एक ग्रुप होता. दर सोमवारी एक इंग्रजी अक्षर यायचं, आणि त्यावरून राग, गायक, गाण्याचा प्रकार, काहीतरी दुर्मीळ सांगायचं. कंपनीतून रिटायर झालेल्या मार्तंडरावांना ह्याचं खूळ लागलं होतं. क्यूला सगळे अडले.

“ताई, ‘क’वरून सांग काहीतरी.”

“कौल टाक, कव्वालीतला. माझे गाण्याचे उस्ताद शिकवायचे ना, तो प्रकार.”

मार्तंडरावांनी क्यू लावून ‘Qaul’ लिहिलं. लगेच पलीकडून ‘वाह, गुरुजी!’ मार्तंडराव मिशीत हसले. ताईचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता.

पुढच्या सोमवारी आर आला. राजाबाई पदराला हात पुसत म्हणाली, “मार्तंडा, ह्या वेळी माझं नाव टाक ना. बारा वर्षं शिकले मी उस्तादांकडे.”

“टाकतो की!”

मतदार कार्डावर तिचं नाव इंग्रजीत होतं. ते बघून आणि भावाची कीबोर्डवरची बोटं बघून ती अक्षरं ओळखायला शिकली होती, हे त्या शहाण्याला कुठं ठाऊक! आर आला, ए आला. तिसरं अक्षर तिचं नव्हतं. रागेश्री टाकला त्यानं.

“टाकलं बरं का, ताई.”

दूधखुळी समजतो मला, तिला वाटलं. जीव नुसता जळला तिचा. 

एसला पुन्हा हाक आली. ह्या खेपेला तिनं विचार करून सांगितलं, “शीलकौंस. उस्तादांनी स्वतः बांधलेला राग. आता फक्त मला येतो.” आता तरी ग्रुपवाले विचारतील, कोण गातं म्हणून.

विचारलंच. ‘गुरुजी, किसने गाया? रेकॉर्डिंग सुनाओ भिया, फेंको मत!’

मार्तंडराव घामाघूम. कॉम्प्युटरचा माईक तिच्या हातात देत म्हणाले, “ताई, दोन मिनिटं गा गं. माझी अब्रू चाललीय.”

“कोण गातंय म्हणून लिहिशील?”

“नावाचं काय घेऊन बसलीस? घरातल्याच एक बाई, असं लिहितो.”

सूर तिच्या गळ्याशी आला होता. गावंसं फार वाटत होतं. ब्याण्णव सालीही असंच वाटलं होतं, रेडिओनं ऑडिशनला बोलावलं तेव्हा. ते पत्र ह्याच भावानं चार तुकडे करून चुलीत टाकलं होतं. टाकताना काय म्हणाला, ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं.

तिनं माईक त्याच्या हातात परत दिला.

“आपल्या घरातल्या बायका परक्यांसमोर गात नाहीत, मार्तंडा,” ती म्हणाली, आणि लसणाचं ताट उचलून आत गेली.