शेजारचा ब्रेक

गाडी बायकोने घेतली होती. हे आधीच सांगतो, कारण लोकांना वाटतं म्हाताऱ्याला उतारवयात हौस सुटली. दोनच सीटची, लाल, कापडी टप मागे दुमडून ठेवता येणारी गाडी. आधी ती एका दातांच्या डॉक्टरची होती. त्याच्या पाठीने संप केला, एवढं वाकून आत बसता येईना, म्हणून त्याने विकायला काढली. बायकोने निवृत्तीचे पैसे घातले आणि दारात आणून उभी केली. मी विचारलं, हिच्यात सामान कुठे ठेवायचं? ती म्हणाली, सामान न्यायचंय कशाला?

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. सगळी नोकरी तिने शेजारच्या सीटवर बसून काढली. त्या गाड्यांना शेजारच्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने दाबायचा. मला गाडी तिनेच शिकवली, लग्नाआधी. शिकवली म्हणायचं एवढंच. मी स्टिअरिंग धरायचो आणि वेळेवर थांबायचं काम ती करायची. परीक्षेच्या दिवशी परीक्षक मागे बसला होता, त्याला तिचा पाय दिसला नाही. मी पास झालो. तेव्हापासून मी तिला मास्तरीण म्हणायचो.

लाल गाडीत शेजारी ब्रेक नव्हता. बहुतेक वेळा तीच चालवायची, टप उघडा टाकून, डोक्याला रुमाल बांधून. कधी मी चालवायला बसलो की तिचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. वळण आलं, दाब. कुत्रं दिसलं, दाब. मी म्हणायचो, अगं, तिथे काही नाही. ती म्हणायची, "माहीत आहे मला. तू दाब, म्हणजे मला दाबायला लागणार नाही."

ती गेल्यावर गाडी बरेच दिवस बाहेर उभीच होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो. मग एकदा दार उघडलं तर आत वास. टपाच्या कडेला पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती पाल्याने बुजली होती आणि सगळं पाणी आत आलं होतं. गाडी ओढून गॅरेजात न्यावी लागली.

गॅरेजवाल्याला सगळे मिस्त्री म्हणतात. जाडजूड माणूस, तोंडाचा पट्टा चालू असतो, पण काम चोख. त्याने दोन्ही सीट काढल्या, कार्पेट उचललं आणि मला हाक मारली. शेजारच्या सीटपुढे कार्पेटखालचा फोम एका जागी पार दबून कागदासारखा झाला होता. चवड्याएवढी जागा. बाकीचा फोम जाड, फुगलेला. त्याने विचारलं, इथे कोण काय आपटत होतं? मी म्हटलं, मास्तरीण. त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. ती त्याच्या मुलाची मास्तरीण होती.

फोम कुजला होता, तो टाकून द्यावाच लागला. नवीन फोम, नवीन कार्पेट. तिथून माझ्या खिशाला कात्री लागायला सुरुवात झाली. टपाचं कापड फाटलेलं निघालं, ते शिवणारा एकच माणूस आणि तो मागेल तो भाव. टायर पुढचे वेगळ्या मापाचे, मागचे वेगळ्या, त्यामुळे अदलाबदल करून वापरता येत नाहीत. पेट्रोल महागातलं. विमा तर असा, जणू मी रोज शर्यतीला जातो. मिस्त्री म्हणायचा, "काका, ही गाडी नाही, जावई आहे. कितीही करा, तोंड वाकडंच."

हे सगळं मी समजून होतो. जुन्या गाडीचा खर्च असतोच. ब्रेकचं मात्र कळेना.

नवे पॅड टाकले आणि बघता बघता ते संपले. पॅड म्हणजे चाकामागच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे ब्रेकचे तुकडे. ते झिजतात, पण असे नाही. मिस्त्रीने पुन्हा टाकले. तेही गेले, तेही चांगल्या कंपनीचे. त्याने पॅड अडकून राहतात का ते पाहिलं, पॅड दाबणारे भाग नवे बसवले, तेल बदललं. मग मला विचारलं, "काका, तुम्ही गाडी चालवता की थांबवता?"

मी कारखान्यात बॉयलरवर होतो. काटा काय दाखवतो आणि आवाज कसा येतो, यावर माझी नोकरी झाली. भुताखेतांची चर्चा निघाली की मी चहा प्यायला उठून जायचो. पण त्या गाडीत मला जे व्हायचं ते असं. पाण्याच्या टाकीपासून रस्ता उताराने रेल्वेच्या फाटकाकडे जातो. उतार लागला की गाडी आपोआप वेग घेते. माझी मात्र घ्यायची नाही. वळणाच्या जरा आधी ती जड व्हायची, खालून कुणी हळूच धरून ठेवल्यासारखी. माझा उजवा पाय ब्रेकवर गेलेलाही नसायचा. चौकात तसंच, शाळेपाशी तसंच. जिथे जिथे तिचा पाय जायचा तिथे तिथे.

पहिल्यांदा घामाने हात ओले झाले. मग सवय झाली. मग मी बोलायला लागलो. फाटक दिसलं की म्हणायचो, दिसलं गं मला. शेजारच्या सीटवर काही ठेवायचं मी बंद केलं. भाजीची पिशवी मागे टपाच्या खळग्यात कोंबायचो. घरात ती कुठेच नव्हती. पलंगावर नाही, स्वयंपाकघरात नाही, तिच्या कपाटात तर मुळीच नाही. ती तेवढी या गाडीत होती, आणि तिथे ती पॅड खात होती. मला तो खर्च वाटत नव्हता.

मुलीला वाटत होता. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि मी ते पुढे ढकलत होतो, कारण दर वेळी पैसे काढले की ते गॅरेजात जात. मुलगी आईवर गेली आहे, बोलताना आडपडदा नाही. तिने मला जेवायला बोलावलं आणि ताट वाढून समोर बसली. म्हणाली, तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून तुम्ही घाबरून सारखा ब्रेक लावता. त्यात आई कुठून आली? मी म्हटलं, माझा पाय ब्रेकवर नसतो. ती म्हणाली, "बाबा, आई गेली. मी हात धरून बसले होते तिचा. ती गाडीत असती तर मी रोज गाडीतच झोपले असते."

शेवटी तिने माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. मिस्त्री माझ्याबरोबर गाडीत बसेल आणि बघेल. दोष माझ्या पायाचा निघाला तर गाडी विकायची आणि त्या पैशात डोळे करायचे.

मिस्त्री बसला. त्याच्या वजनाने गाडी एका अंगाला कलली. टाकीपासून आम्ही उतार धरला आणि वळणाआधी गाडी जड झाली, रोजच्यासारखी. मी म्हटलं, बघितलंस? तो खाली वाकून बघत होता. म्हणाला, "काका, तुमचा डावा पाय."

ही गाडी ऑटोमॅटिक आहे, दोनच पेडलं. डाव्या पायाला काम नाही. माझा डावा पाय ब्रेकच्या कडेवर टेकला होता आणि हलकेच दाबत होता. मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या शरीराला लागून होता एवढंच, बाकी तो पाय माझा वाटलाच नाही. मी तो उचलून मागे घेतला. मिस्त्रीला वाईट वाटलं असावं, गॅरेजात परत येईपर्यंत त्याने एकही विनोद केला नाही.

तो उतरल्यावर मी एकटा पुन्हा टाकीपाशी गेलो. डावा पाय सीटच्या खाली मुडपून ठेवला आणि उतार धरला. गाडी सुटली. वळणाआधी काही झालं नाही. मी वाट बघत राहिलो आणि फाटक अंगावर आलं तेव्हा उजव्या पायाने कचकन ब्रेक मारला. एक सायकलवाला मला नाही नाही ते बोलून गेला. मी तिथेच बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एकट्याने गाडी चालवली होती. घरी आलो आणि मुलीला फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक बघ.

गिऱ्हाईक म्हणून जी मुलगी आली ती बेकरीत केकवर नक्षी काढायची. बोटांना साखर लागलेली, नवीनच लायसन्स काढलेलं. लहानपणापासून तिला अशी गाडी हवी होती. मी तिला खर्च सगळे सांगितले, टप, टायर, विमा, भोकांतला पाला काढत राहायचा हेही सांगितलं. तिने मान डोलावली आणि विचारलं, "काका, एक चक्कर मारू?"

मी शेजारच्या सीटवर बसलो. मास्तरीण गेल्यापासून मी तिथे बसलो नव्हतो. दुसरं कोणी बसलं असेल तर मिस्त्री, तेही एकदाच आणि पाय आखडून. मी पाय लांब केले. उजव्या पायाचा चवडा एका खळग्यात गेला.

आधी मला कळलं नाही. मग मी बूट काढला आणि मोज्यानेच चाचपून पाहिलं. फोम नवा होता. मी स्वतः उभा राहून बसवून घेतला होता. बाकी सगळीकडे जाड होता आणि त्या एका जागी दबून कागदासारखा झाला होता.

मी पाय काढून घेतला. बाकावर दुसऱ्याला जागा देताना आपण सरकतो, तसा जरा दाराच्या बाजूला सरकून बसलो आणि पाय जवळ घेतले.

बेकरीवाली मुलगी गाडी बेफाम चालवत होती. केकवर हात सावकाश चालत असेल, पण पाय घाईचा. बोलायचीही भारी हौस. टप उघडा, वारा भरपूर, त्यात ती मला बेकरीच्या मालकाचं काहीतरी सांगत होती आणि माझ्याकडे बघून सांगत होती. टाकीचा उतार लागला. फाटकाच्या अलीकडे दूधवाल्याची गाडी गल्लीतून उलटी बाहेर येत होती. मला ती धूसर दिसली. मुलीला दिसलीच नाही. मी तोंड उघडेपर्यंत आमची गाडी जड झाली, नाक खाली गेलं आणि ती थांबली. दूधवाल्याच्या गाडीचा मागचा दिवा आमच्या बॉनेटच्या वर आला होता.

मुलगी आपल्या पायांकडे बघत होती. दोन्ही पाय पेडलांपासून लांब होते.

ती म्हणाली, "मी दाबला नाही."

मी म्हटलं, "दाबलात. कळत नाही कधी कधी."

परत येताना ती हळू चालवत होती. तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते सगळं लिहीत नाही. गाडी द्यायची नाही, हे आधी आलं. तो खळगा मला सापडला होता, माझ्या लेकीला नेऊन दाखवता आला असता, माझा शब्द मी मोडू शकत होतो. पण मी ज्या मुलीशेजारी बसलो होतो तिला अजून थांबता येत नव्हतं. आणि मास्तरणीला दुसरं काम येत नव्हतं. माझ्या मोतीबिंदूला ती कुठवर पुरी पडणार होती?

घरी आल्यावर मी सांगितलं की गाडी देतो, पण एक अट आहे. ब्रेक मिस्त्रीकडेच करायचे आणि ब्रेक पॅडचा खर्च माझा. बेकरीवाली म्हणाली, असं कुठे असतं का? मी म्हटलं, हिचे पॅड जरा लवकर जातात, तुम्हाला भुर्दंड नको. तिने विचारलं, का जातात? मी म्हटलं, तुमचा पाय बसला की कमी जातील. माझी लेक व्यवहाराला म्हणून आली होती, तिने हे ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. नंतर तिने विचारलं, विकलेल्या गाडीवर पैसे घालणारा माणूस तुम्ही कुठे पाहिलाय का? मी म्हटलं, नाही पाहिला.

गाडी गेली तेव्हा मी दारात उभा होतो. गल्लीच्या टोकाला, वळायच्या आधी, तिचे मागचे लाल दिवे लागले. एवढ्या लांबूनही मला ते दिसले.

डोळे झाले. आता घरातली धूळही दिसते. बेकरीवालीचे पहिले पॅड लवकरच गेले आणि मिस्त्रीने मला फोन केला. मी जाऊन पैसे दिले आणि झिजलेला एक पॅड मागून घेतला. तो खिडकीत ठेवला आहे. दुसऱ्या वेळीही असंच झालं. मी फोनवर बेकरीवालीला विचारलं, शेजारी कोणी असतं का हो? ती म्हणाली, नाही काका, एकटीच असते. मग म्हणाली की हल्ली तिला एकटीला बोलायची सवय लागली आहे, गाडीत बसलं की.

मी म्हटलं, लागते.

त्यानंतर बराच काळ फोन आला नाही. मग मीच मिस्त्रीकडे गेलो. गाडी सर्व्हिसिंगला आलीच होती, वर उचलून ठेवलेली. त्याने चाक काढून मला दाखवलं आणि म्हणाला, "या वेळी छान टिकलेत, काका. पोरगी शिकली गाडी."

मी पॅडला बोट लावून पाहिलं. अजून जाड होता. पैसे खिशात तसेच घेऊन घरी आलो.