शिंपल्यापुरता उजेड

काळ्या दांडीच्या टोकाला कोटाच्या बटणाएवढी पांढरी टिकली, आणि ती टाकीत पाण्याखाली, जिवंत शिंपल्याच्या शेजारी वर तोंड करून अगदी आडवी धरायची, जरा कलली की आकडा खोटा... हे माशांच्या दुकानदाराने उजेड मोजायचा मीटर उसना देताना त्याला तीनदा बजावलं होतं. जणू तो वजनमापं तपासणारा निरीक्षक नसून नुकताच चमचा धरायला शिकलेला कोणी आहे. पाणी हललं की आकडा हलतो, म्हणून पंप बंद केला होता. त्याने कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात घातला, सावली पडली, आणि शिंपला मिटला. शिंपल्याच्या त्या निळ्या झालरीच्या काठाने म्हणे शेकडो बारीक डोळे असतात. शेकडो, आणि ही सावली तपासणीच्या कामाची आहे हे एकालाही ओळखता येऊ नये.

सहाशे ऐंशी.

त्याने दुसऱ्या बाजूने मोजलं. सहाशे पंच्याण्णव. पुन्हा पहिल्या जागी... सहाशे ऐंशी. तिसऱ्या मोजणीत पहिलाच आकडा आला की वाद संपतो, हा त्याच्या खात्याचा नियम होता, आणि आज पहिल्यांदाच त्याला तो नियम जरा उद्धट वाटला. दुकानदार म्हणाला होता, याला अडीचशे-तीनशे पुरे. उजेड कमी झाला तरी हा पांढरा पडतो, जास्त झाला तरी पांढरा पडतो, म्हणून नुसतं बघून ठरवू नका, मोजा.

पण या घरात बघून ठरवणारा माणूस होता. सासऱ्यांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला आणि त्यात एकदाही उजेडाचा मीटर वापरला नाही. लग्नातसुद्धा, वधूपिता असून, कॅमेरा त्यांच्याच गळ्यात. आणि भरमांडवात म्हणाले होते, जावईबापू, हनुवटी खाली घ्या, उजेड नाकावर वाया जातोय. स्टुडिओ बंद झाला तेव्हा ही टाकी आणली. वर्षभरापूर्वी एकदा खुर्चीतूनच म्हणाले, दिवे थकलेत, शिंपल्याला अंधार होतोय. मग त्याने दिव्यांचं बटण पन्नासावरून पासष्टवर नेलं. मग ऐंशीवर. मग शंभरवर... आणि शिंपला मधोमध पांढरा पडत गेला, तसे सासरे म्हणत गेले, बघ, मी म्हणत नव्हतो? बाजारात दोन ग्रॅमच्या फरकासाठी लोकांच्या तराजूंना सील ठोकणारा हा माणूस घरात मात्र डोळे झाकून बटण फिरवत होता. कारण ‘बाबा म्हणाले’ हेच इथलं प्रमाण वजन, आणि प्रमाण वजन कोणी तपासत नाही.

हात पाण्यातच होता. आता एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत आली. चहा बशीत सांडला, तेव्हा सासरे म्हणाले होते की हल्ली कपच लहान काढतात, तर बायकोने दुसऱ्याच दिवशी मोठे कप आणले. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात म्हणाले, तर वाचायला नवा दिवा आला. खुंटीवरच्या रेनकोटला एकदा ‘या, बसा’ म्हणाले होते. सगळे हसले. सगळ्यात जास्त वेळ सासरेच हसले... का हसले इतका वेळ? आणि स्कूटर. रोज सकाळी नातीला मागे बसवून शाळेत सोडतात ती स्कूटर. आजोबा हॉर्न फार वाजवतात, असं ती गेल्याच आठवड्यात जेवताना म्हणाली होती, आणि त्याने तिला सांगितलं होतं, मोठ्यांना नावं ठेवू नयेत.

“आला का आकडा?” मागच्या खुर्चीतून सासरे म्हणाले. “मी सांगतो. दीडशे. लाव पैज.”

त्याने पैज लावली नाही. दुसऱ्या, कोरड्या हाताने बटण शंभरावरून चाळीसवर आणलं. टाकी सांजावली. दोनशे सत्तर.

“हं,” सासरे समाधानाने म्हणाले, “आता कसं मोकळं झालं. वाढवलास ना?”

काटा सदोष, वापर तात्काळ थांबवावा... हे वाक्य हजारदा लिहून हाताला इतकं सवयीचं होतं की तोंडाशीही आपसूक आलं, आणि त्याने ते खाऱ्या घोटासारखं गिळलं.

“बाबा, तुम्हाला तिथून शिंपला दिसतोय का?”

पंप बंद असल्यामुळे घरात इतकी शांतता होती, की चष्मा सदऱ्याला पुसल्याचाही आवाज आला. पुसून तो पुन्हा चढवला गेला.

“तू सांग ना,” सासरे म्हणाले. “कसा दिसतोय?”

आवाजात ना गुर्मी होती, ना थट्टा. म्हणजे यांना ठाऊक होतं... कधीपासून? रेनकोटच्या आधीपासून?

“निळा,” तो म्हणाला.

“निळा तर आहेच. कसा निळा?”

त्याने वाकून काचेला नाक लावलं. सकाळच्या स्कूटरचं बोलायचं होतं, आणि ते आज, या खुर्चीसमोरच बोलायचं होतं, त्यातून सुटका नव्हती. पण मघाशी त्या बोलण्याआड जो निरीक्षक उभा होता, तो कुठेसा निघून गेला होता. वर्षभर आपण या शिंपल्याकडे पाहिलंच नाही, पाहिलं ते बाबांच्या चेहऱ्याकडे, असं त्याला वाटलं, आणि त्याची लाज वाटायच्या आत एक विचित्र घाई झाली, शब्द शोधायची.

“काठाला गडद आहे, बाबा,” तो म्हणाला. “मध्ये... थांबा, नीट बघून सांगतो.”