सहज सुचणारा हात

“खाली फुली केलीय, तिथं सही,” असं म्हणत करजगीकरांनी टाइप केलेला कागद कुंडलिक मास्तरांपुढे सरकवला आणि आपल्या पेनाचं टोपण काढून ते पुढे धरलं.

कुंडलिक मास्तर तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं पोरांना कानस धरायला शिकवत होते. सोलापुरातल्या निम्म्या गिरण्यांचे फिटर त्यांच्या हाताखालून गेलेले. करजगीकर एका बड्या गिरणीचे मॅनेजर, शिवाय तंत्रशाळेच्या कमिटीवर. आजवर त्यांनी वर्कशॉपचा उंबरा ओलांडला नव्हता. आज स्टुलावरचा लोखंडाचा कीस रुमालानं झाडून ते बसले होते.

मास्तरांनी कागद सावकाश वाचला. भवानी पेठेतल्या सिद्धाप्पा नावाच्या रंगाऱ्यानं यंत्राचा एक हात बनवला होता. उकळत्या रंगाच्या हौदातून सुताच्या ओल्या लडी तो हात उचले, पुन्हा बुडवे, दुसऱ्या हौदात नेऊन सोडे. त्यासाठी सिद्धाप्पानं मुंबईच्या पेटंट ऑफिसात अर्ज केला होता आणि गिरणीनं त्यावर हरकत घेतली होती. परदेशात असे रोबो हात मोटारी जोडतात. तोच हात हौदाशी आणून उभा केला, यात नवं काय, कोणाही जाणकाराला हे सहज सुचलं असतं आणि सहज सुचणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, असं हरकतीत म्हटलं होतं. हे सांगणारा जाणकार म्हणजे कुंडलिक मास्तर. ‘माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवावरून मी शपथेवर सांगतो की...’ असा कागद सुरू होत होता. गिरणीनं सिद्धाप्पाचा हात बघून तसाच एक आपल्या रंगखात्यात बसवलाय, हे काही कागदात नव्हतं. ते पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर म्हणाले, हात मी अजून पाहिलेला नाही. त्यावर करजगीकर हसले. अडाणी रंगाऱ्यानं केलेली वस्तू, तिच्यात बघायचं काय असणार? जाता जाता त्यांनी एवढंच सुचवलं, की जूनमध्ये वर्कशॉपच्या मुख्याची जागा रिकामी होतेय आणि कमिटीत मास्तरांचंच नाव आहे.

“सोमवारी देतो,” मास्तर म्हणाले.

त्यांच्या मनात तेव्हा काही वाकडं नव्हतं. कागदात लिहिलंय ते खरंच असेल, असंच त्यांना वाटत होतं. फक्त ‘शपथेवर’ या शब्दावर त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती. मग त्यांनीच एक तोड काढली. सहज सुचण्यासारखं असेल, तर आपल्यालाही सुचायला हवं. तेव्हा हात बघण्याआधी आपणच तो कागदावर काढायचा.

शनिवारी दुपारी ते ड्रॉइंगबोर्ड घेऊन ओट्यावर बसले. दिवेलागणीच्या आत हात तयार झाला. भक्कम खांब, कोपराला सांधा आणि पुढे दोन जबड्यांचा चिमटा. लड दुखावू नये म्हणून जबड्यांना आतून रबर. जबडा साडेचार इंच. त्यांनी कोपऱ्यात तारीख घातली आणि चित्र समोर धरून बघत राहिले.

गोजरबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. नवऱ्यानं सगळी हकिकत सांगितली आणि वर म्हणाले, “सुचलं की मला. मग सही करायला काय हरकत हाय?”

“त्या माणसाचा हात बघितला का तुमी?”

“उद्या जातो.”

“बघून या आधी. खोटी शपथ घेऊन आलात तर माज्या देवापुढं बसू नका, एवढंच,” त्या म्हणाल्या आणि पुढची वात हातात घेतली.

रविवारी मास्तर भवानी पेठेत गेले. सिद्धाप्पा मूळचा अक्कलकोटकडचा, बोलणं अर्धं कानडी वळणाचं, हात कोपरापर्यंत निळे. गिरणीच्या बाजूचा माणूस म्हटल्यावर तो दारातच आडवा उभा राहिला. मास्तरांनी खिशातून चित्र काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, तुमचा बघायच्या आधी हा काढलाय.

सिद्धाप्पानं चित्र उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं. हसला नाही. आत गेला, पांढरी लड पाण्यात भिजवून बाहेर आला, एका लोखंडी चिमट्यात ती घट्ट आवळली आणि रंगात सोडली. थोड्या वेळानं काढून चिमटा उघडला. सगळी लड निळी आणि मधोमध चार बोटं पांढरा पट्टा.

“कुटं धराल तितं पांढरं ऱ्हातंय की, मास्तर.”

मग त्यानं यंत्र चालू केलं. हाताला जबडा नव्हताच. दोन गुळगुळीत दांड्या होत्या. लड एका दांडीवर वर यायची आणि हवेतच दुसरीवर जायची, जशी गरम भाकरी आपण या हातातून त्या हातात घेतो. लड कुठंच धरली जात नव्हती, कुठंच थांबत नव्हती.

हात्तिच्या, एवढंच, मास्तरांच्या मनात आलं. हे तर कुणालाही सुचलं असतं.

आणि त्याच क्षणी त्यांचे कान तापले. चित्र सिद्धाप्पाच्या खिशातून डोकावत होतं, कालच्या तारखेचं.

सिद्धाप्पानं त्यांना कोपऱ्यात नेलं. तिथं गंजलेले चार चिमटे पडले होते, लहान, मोठे, एकाला गोणपाट गुंडाळलेलं. “तीस वर्सं रंगात हाय मी. तरी पैला ह्योच केला. चार वर्सं गेली बगा. तुमचा रबराचा हाय, माज्यापेक्षा लई बरा.”

सोमवारी करजगीकर पुन्हा आले. कागदावर फुली तशीच होती. मास्तरांनी तो परत दिला आणि शेजारी स्वतःच्या अक्षरातला दुसरा ठेवला. त्यात चार ओळी होत्या. हात बघण्याआधी मी तो काढायचा प्रयत्न केला. मी चिमटा काढला. तो निरुपयोगी होता. चित्र सोबत जोडलं आहे.

“पण आता तर हात पाहिलात ना?” करजगीकर म्हणाले. “त्यात अवघड काय आहे, सांगा.”

“आता काहीच नाही. शनिवारी होतं.”

करजगीकरांचा आवाज खाली आला. बावीस वर्षांचा मास्तर शपथेवर लिहून देणार, की मला जमलं नाही? हे मुंबईत वाचलं जाईल, गावभर होईल, उद्या पोरं तोंडावर हसतील. असल्या माणसाच्या हाती कमिटी वर्कशॉप कशी देईल?

मास्तर उभे राहिले. साहेबांपुढे ते नेहमी पुस्तकी बोलत. आज गावाकडची, मोहोळची बोली आपोआप तोंडात आली.

“जाणकार म्हणून तुमीच मला निवडलं न्हवं? मग जाणकाराला काय सुचलं, ते मुंबईला कळू द्या की. ह्यो कागद आता सिद्धाप्पाकडनं जाईल.”

त्याच दुपारी कोर्टात जाऊन त्यांनी शपथ घेतली आणि कागद सिद्धाप्पाच्या हवाली केला.

मुंबईचा निकाल लागायला वर्ष तरी जाणार होतं. तंत्रशाळेचा आठवड्यात लागला. मुख्याच्या जागी दुसऱ्याचं नाव, मास्तरांकडे पुन्हा तोच पहिल्या वर्षाचा कानसकामाचा वर्ग. नोटीस बाहेरच्या फळ्याला लावलेली होती. मास्तरांनी ती उभ्यानं वाचली, चष्मा पुसला आणि वर्गाकडे वळले.

वर्गात शिरताच कुजबुज थांबली. भिंतीवरच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं भला मोठा चिमटा काढला होता आणि त्याला मास्तरांची टोपी घातली होती. तीस पोरं माना खाली घालून बसली होती. मागच्या बाकावरून दाबलेलं हसू आलं.

मास्तरांनी फडकं उचललं. टोपी तेवढी पुसली. चिमट्याकडे मान तिरकी करून बघितलं आणि खडू घेतला.

“जबडा आखूड काढलाय,” ते म्हणाले. “माझा साडेचार इंच होता. वह्या काढा.”

आणि एका हातानं पट्टी फळ्याशी धरून ते जबडा नीट मापात काढू लागले.