तिसऱ्या घरातलं काडतूस

मी काडतुसांचा एक जुना पट्टा. जाड चामड्याचा, सहा घरांचा. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहे. माझ्याभोवती पांढरं कापड शिवलंय, त्यावर लाखेची मोहर आहे आणि शेजारी एक गंजलेली मोटारसायकल आहे. गुन्हा मी केलेला नाही. पण मला तोंड नाही, त्यामुळे माझं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म खडकी बाजारातला. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं, त्याने उभा जन्म फौजी लोकांचे पट्टे शिवण्यात घालवला होता. माझं एकेक घर त्याने काडतूस घालून, ओलं करून, वाळवून बसवलं. काडतूस आत जाताना बोटाला जोर लागावा आणि काढताना थोडा जास्त लागावा, असं त्याचं माप होतं. मला विकत घ्यायला धायरीचा महिपती आला, तेव्हा कारागिराने त्याला बजावलं होतं, "साहेब, घरी गेलं की काडतुसं काढून डब्यात ठेवायची. चामड्यात राहिली की पितळ हिरवं पडतं. आणि तेल लावू नका. घरं सैल पडतील."

महिपती "बरं, बरं" म्हणाला. त्याचं लक्ष आरशाकडे होतं.

या महिपतीने धायरीतली जमीन बिल्डरला दिली आणि त्यानंतर वर्षभरात रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. त्याच्या जिवाला धोका होता म्हणे. मला सात वर्षांत तो धोका एकदाही दिसला नाही. तो नंतर घरी सांगायचा, माझ्याकडे येण्याआधी बंदुकीच्या दुकानदाराने त्याला जादा काडतुसं बाळगायचे कितीतरी प्रकार दाखवले होते. झाकणाची चामडी पिशवी होती, सहा काडतुसं एकदम भरता येतील असा गोल लोडर होता, खिशात सपाट बसणारी रबरी पट्टी होती. पिशवीत गोळ्या झाकलेल्या राहतात, पडत नाहीत, असं दुकानदार जीव तोडून सांगत होता. महिपतीने विचारलं, "दिसणार न्हाईत, मग घ्यायची कशाला?" माझी निवड कशी झाली, ते तुमच्या लक्षात आलं असेल. मला बाळगण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी घेतलं होतं.

मग सुरू झाली लग्नं, साखरपुडे, वास्तुशांती, वाढदिवसाचे फ्लेक्स. रिव्हॉल्व्हर सदऱ्याखाली असायचं, पण मी सदऱ्यावर. लोक वाकून बघायचे आणि मालक पोट आत घ्यायचा. सुरुवातीला मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्यामुळे माणसाला मान मिळतो, असं मला वाटायचं. पण घरी आल्यावर मला तसाच भरलेला खुंटीला अडकवायचे. काडतुसं महिनोन्‌महिने माझ्यातच. पितळेवर हिरवा थर चढायला लागला. मालकाने तो नखाने खरवडला आणि "चामडंच हलकं दिलं त्या म्हाताऱ्यानं," असं म्हणाला. त्या दिवशी मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या शस्त्रांची आणि अवजारांची पूजा व्हायची. पाटावर विळी, टिकाव, स्कूटरची किल्ली, रिव्हॉल्व्हर आणि मी. पूजेआधी मालक मला खोबरेल तेलाने चांगला चोळायचा. चकाकी यायची. सात वर्षं, सात वेळा तेल. देवापुढे बसवून माझी घरं सैल केली गेली, ही माझी पूजा. तिसरं घर तर पार गेलं. एकदा मांडवात त्यातलं काडतूस सटकलं आणि जिलबी वाढणाऱ्याच्या पायाशी जाऊन थांबलं. मालकाने ते उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा त्याच घरात कोंबलं.

मागच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे ठाण्याचा निरोप आला, परवान्याचं हत्यार जमा करा. आचारसंहितेत पट्टा मिरवत जाणं बरं दिसणार नाही, म्हणून महिपतीने खुंटीवरची निळी सॅक घेतली. ती त्याच्या मुलीची, राजनंदिनीची. सॅकच्या आतलं अस्तर एका बाजूने उसवलेलं होतं. त्याने रिव्हॉल्व्हर, सहा काडतुसांचा पुठ्ठ्याचा डबा आणि भरलेला मी, असं सगळं तिच्यात टाकलं आणि स्कूटरला किक मारली. रस्त्यावरच्या तिसऱ्या की चौथ्या गतिरोधकाला माझ्या तिसऱ्या घरातलं काडतूस निसटलं आणि अस्तराच्या आत गेलं. मला ते जाताना कळलं. मी काय करणार होतो?

ठाण्यात हवालदार कौशल्या मॅडम होत्या. त्यांनी काडतुसं मोजली.

"अकरा आहेत. परवान्यावर बारा घेतल्याची नोंद आहे. एक कुठंय?"

महिपतीने सॅकमध्ये हात घालून चाचपलं. मग तो म्हणाला, "सरावाला उडवली."

"सरावाला एकच? वा. रिकामी पुंगळी कुठंय?"

"ऱ्हायली तिथंच."

"मग तसं लिहून द्या. सही, तारीख."

आणि त्याने लिहून दिलं. काडतूस हरवलं म्हटलं तर परवाना जाईल, परवाना गेला तर चारचौघांत मान जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. घरी आल्यावर त्याने पलंगाखाली पाहिलं, स्कूटरची डिकी उपसली, सॅक उलटी करून झटकली. अस्तरात मात्र हात घातला नाही. बायकोने, दुर्गाबाईने विचारलं, "काय शोधताय?" तो म्हणाला, "काय न्हाई. किल्ली." मी रिकामा होऊन खुंटीला लटकत होतो आणि माझ्यावरच ती सॅक लटकत होती. इतकी चीड मला कधी आली नव्हती.

राजनंदिनी शेतकी महाविद्यालयात मातीचा अभ्यास करून पहिल्या वर्गात पास झालेली. दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने देशभरातून सहा जणांना मुलाखतीला बोलावलं होतं, त्यातली ती एक. जागा एकच आणि तारीखही एकच. त्या सकाळी तिने सॅक खुंटीवरून उचलली, कागद भरले, मातीच्या नमुन्यांची वही भरली. दुर्गाबाईने दशम्या दिल्या. ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती. महिपती तिला म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

फोन दोन तासांनीच आला. दुर्गाबाईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आबा, मला एअरपोर्टवर थांबवलंय. स्कॅनिंगमध्ये बॅगेत बुलेट सापडली म्हणतायत. माझ्या बॅगेत बुलेट कशी असेल?"

महिपती परवान्याचे कागद घेऊन धावला. तिथे काय घडलं ते मला रात्रीच्या बोलण्यातून कळलं. गोळी माझी आहे, असं तो म्हणाला; राजनंदिनीला वाटलं, आबा आपल्याला वाचवायला तसं म्हणतायत. पोलिसांनी आमच्या ठाण्याला फोन केला. ठाण्याने नोंद वाचून दाखवली, बारावी गोळी सरावात वापरली, खाली मालकाची सही. मग ही कुणाची? आपण खोटं लिहून दिलं होतं, हे सांगायचं धाडस महिपतीला झालं नाही. बापाच्या परवान्यातली नाही, म्हणजे विनापरवाना. गुन्हा राजनंदिनीच्या नावावर नोंदला गेला. जामीन झाला, पण विमान गेलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाखतही गेली.

त्यानंतरचे दिवस मी खुंटीवरून पाहिले आहेत. राजनंदिनी रोज तेच विचारत राहायची, कुणी ठेवली असेल? उन्हाळ्यात तिची मैत्रीण उत्कर्षा ही सॅक सहलीला घेऊन गेली होती. आधी साधं विचारणं झालं, मग भांडण झालं, मग दोघींचं बोलणं थांबलं. महिपती समोर बसून सगळं ऐकायचा. जेवण अर्ध्यावर टाकायचा, पण तोंड उघडायचा नाही. मला वाटायचं, अरे माणसा, माझं तिसरं घर एकदा बघ आणि तिला सांग.

एकोणिसाव्या दिवशी राजनंदिनी म्हणाली, "उद्या मी पोलिसांना उत्कर्षाचं नाव सांगणार आहे. दुसरं कोणी असूच शकत नाही."

महिपती उठला. त्याने मला खुंटीवरून काढलं आणि चप्पल पायात सरकवत तिला म्हणाला, "नाव घेऊ नको कुणाचं. चल माझ्यासंगं."

ठाण्यात त्याने मला कौशल्या मॅडमच्या टेबलावर ठेवलं. तिसऱ्या घरात बोट घातलं. बोट सहज आरपार गेलं.

"हितनं पडली. तिच्या सॅकमधनं आणलं होतं मी सगळं. सरावाला न्हवती उडवली. मी खोटं लिहून दिलं होतं. लिवून घ्या."

कौशल्या मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला. "त्या दिवशीच हरवली म्हणाला असतात तर एका अर्जात भागलं असतं. बसा."

राजनंदिनी अजून उभीच होती.

"आबा, एक कमी आहे हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मी उत्कर्षावर आळ घेतला, तेव्हापण?"

"हो."

जबाबावर सही करून ती एकटीच बाहेर पडली आणि बसने घरी गेली. महिपतीला तिने हाकही मारली नाही. मला कापडात शिवलं ते त्यानंतर.

इथे ठाण्यातल्या बोलण्यातून माझ्या कानावर येतं ते एवढंच. आता परवाना जाणार हे नक्की आहे. राजनंदिनीचं नाव मोकळं होईल, असं वकील म्हणतात. केव्हा, ते सांगत नाहीत. दिल्लीतली जागा भरली गेली. आणि घरात अजूनही कुणी कुणी म्हणतं, सगळा त्या पट्ट्याचा दोष. असेलही. मी सैल होतो, हे मी नाकारत नाही.

मित्रांनो, जी वस्तू सांभाळता येत नाही, ती कमरेला लावून मिरवू नका. बनवणारा काही सांगत असेल तर आरशातून नजर काढून ऐका. आणि हातून काही हरवलंच तर त्याच दिवशी सांगा, समोर कोणीही असो. महिपतीने सांगितलं, शेवटी सगळं खरं सांगितलं. पण तो गप्प होता, तेवढे सगळे दिवस त्याच्या मुलीने भोगले.