एकेचाळीस गाठींची हरकत

सन १९६१ च्या माघ महिन्यात वेवजीच्या चावडीवर सरकारी जाहिरात लागली. डोंगरउतारावरील माती वाहून जाऊ नये म्हणून सरकार नवा कायदा करू इच्छीत होते. उतारावर नांगर धरण्यास व राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्यास त्यात मनाई होती. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती तीस दिवसांत लेखी कळवावी, अशी विनंतीही होती. मी मराठी पाच इयत्ता शिकलेला असल्यामुळे ती जाहिरात वाचून दाखविण्याचे काम साहजिकच मजकडे आले.

आमच्या पाड्याच्या बुधी काकीजवळ उतारावरील एका तुकड्याखेरीज अन्य जमीन नव्हती. तीस वर्षे एकेक दगड वाहून तिने तेथे आडवे ताल, म्हणजे दगडी बांध, रचले होते. ढेकूळभर माती खाली जात नसे. ऐनाच्या फांद्या वाळवून, त्यांचा राब जाळून, त्या भाजलेल्या जमिनीत ती नागलीचे रोप करी. कायदा झाला तर तिची चूल थंडावणार होती.

मी दोन रात्री जागून हरकत लिहिली आणि अंगठे घेण्यास घरोघर निघालो. पण अंगठा कोणीच देईना.

"देवजी, या अंगठ्यानं एकदा खालचं शेत खाल्लं," काकी म्हणाली. "सावकारानं कागूद दाखवला, यानं शाई चाटली. आता याला परत कागूद दाखवू नको."

"काकी, हा कागद सरकारचा आहे."

"मंग तर नायच नायच!"

अखेर तिनेच मार्ग काढला. लग्न ठरले म्हणजे आम्ही दोरीला दिवसांच्या गाठी मारतो आणि रोज एक सोडतो. त्या रीतीप्रमाणे अंबाडीच्या दोरीवर घरटी एक गाठ बांधण्यात आली. एकेचाळीस घरे, एकेचाळीस गाठी. काकीने आपल्या गाठीत लुगड्याचा निळा धागा गुंतविला. "साहेबाला सांग, ही माझी. अन् म्हणावं, ये, माझे ताल बघ. तुझ्या कायद्याआधी मी माती धरलीय."

हरकती ऐकून घेणाऱ्या साहेबांचा मुक्काम कासा येथे होता. दिवसभर चालून मी सायंकाळी तेथे पोहोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे नाव पुकारले गेले. साहेब सौजन्याने बोलले, हे मी नमूद करतो. त्यांनी माझी चारही पृष्ठे चाळली.

"अक्षर सुंदर आहे. सह्या कोठे आहेत?"

मी दोरी मेजावर ठेवली व तिचा अर्थ निवेदन केला.

"हे लग्नाचं आमंत्रण आहे की हरकत?" कारकून हसला.

"गाठी दफ्तरी घेता येत नाहीत," साहेब म्हणाले. "सही फक्त तुमची आहे. तुमची जमीन उतारावर आहे का?"

"नाही साहेब. ओढ्याकाठी, सपाट आहे."

"मग तुम्हांला हरकत कसली?"

मी हात जोडून म्हणालो, "आपण एकदा येऊन ते ताल पाहावेत."

"आजच कागद मुंबईला जायचे आहेत." त्यांनी कारकुनास सांगितले, "वेवजी, हरकती निरंक."

मी ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी शिपायाने दफ्तर जीपमध्ये ठेवावयास आणले. बांधावयाची नाडी अपुरी पडली असावी, कारण त्या गठ्ठ्याभोवती आमचीच दोरी आवळलेली होती. वरच्या बाजूस निळा धागा दिसत होता.

मी धावलो. "अहो, ती आमची हरकत आहे!"

"मग बरंच झालं की!" शिपाई म्हणाला. "आत नाही गेली, तरी बाहेरून मुंबईला चालली. हो बाजूला."

जीप गेली. एवढे शिकून मला एक दोरीही सोडवून आणता आली नव्हती.

परतल्यावर काकीला मी सर्व सांगितले, काही लपविले नाही.

"माझी गाठ सोडली काय त्यांनी?"

"नाही. तशीच आहे."

"साहेब ताल बघाया येणार?"

"नाही."

तिने कोयता उचलला. "मंग माझं नाय म्हणणं अजून बांधलेलंच हाय," असे म्हणून ती ऐनाकडे चालू लागली. निरंक या शब्दाचा अर्थ तिने विचारला नाही. तिने विचारू नये अशीच माझी इच्छा होती. मी मागोमाग गेलो आणि तिने तोडलेल्या फांद्या राबासाठी तिच्या तालांवर वाळत पसरू लागलो.