बिस्किटाच्या काठावरची खाच

मुलीच्या घरी गेल्यावर दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत, असं मोठ्या भाऊजींनी माईंना बजावलं होतं. एक ‘बिस्किटं’ आणि दुसरा ‘हुंडा’. पहिल्याने घराची शोभा जाते आणि दुसऱ्याने कायदा मागे लागतो, असं त्यांचं म्हणणं. हुंड्याला त्यांनी नवं नाव शोधून ठेवलं होतं, ‘मुलांच्या भवितव्यासाठी हातभार’. भाऊजी जन्मभर कचेरीत हेडक्लार्क होते. वाईट गोष्टीला चांगलं नाव देणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ.

हातभार म्हणजे नेमकं काय, तेही त्यांनीच ठरवलं होतं. माईंचा लेक एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मुलीच्या वडिलांनी त्याला एक्स-रेचं यंत्र घेऊन द्यायचं, म्हणजे तो स्वतःचा धंदा थाटेल. लेकाला कुणी विचारलं नव्हतं. माईंनी विचारलं, तेव्हा तो बुटाची नाडी बांधत “बघू गं” एवढंच म्हणाला. मुलगी त्याला आवडली होती. दोनदा भेटून आला तर दोन्ही वेळा घरी येऊन स्वतःशीच हसत बसला होता. पण काकांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

तशी ती सगळ्यांचीच चिकटायची. माईंच्या यजमानांचा कारखाना बंद पडला, तेव्हा भाऊजींनी ह्या तिघांना सहा महिने आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. त्या उपकाराची आठवण ते स्वतःच करून द्यायचे, दुसऱ्या कुणाला तसदी पडू द्यायचे नाहीत.

सहा महिन्यांनी माईंनी भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, एक जुनी भट्टी मिळवली आणि जिरं घातलेली खारी बिस्किटं करायला घेतली. पहाटे उठून पीठ मळायचं, लाटायचं, पितळी वाटीने गोल कापायचं. दुपारपर्यंत कोपऱ्यावरचा दुकानदार पाकिटं घेऊन जायचा आणि गावातल्या इतर दुकानांनाही पुरवायचा. पाकिटावर ‘घरगुती’ असं लिहिलेलं असे. कुणाच्या घरचं, ते लिहिलेलं नसे, कारण भाऊजींना ते चाललं नसतं. अकरा वर्षं घर ह्या बिस्किटांवर चाललं, लेकाचं शिक्षण झालं, आणि यजमान मात्र विचारणाऱ्याला सांगायचे, “वेळ जात नाही ना हिचा, म्हणून करते.” माणूस वाईट नव्हता. कारखान्याबरोबर त्याचा आवाजही बंद पडला होता, इतकंच. पण ते वाक्य ऐकलं की माईंना दर वेळी लागायचं.

आणि हुंड्याचं म्हणाल, तर माईंच्या स्वतःच्या लग्नात ह्याच भाऊजींनी माईंच्या आईचं शिलाई मशीन मागून घेतलं होतं. आई पुढे हाताने टाके घालत बसली आणि सासरी त्या मशीनवर कपडे वाळत पडले. माझ्या पोराच्या लग्नात असलं काही होऊ देणार नाही, असं माईंनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. आज ते खरं करायचा दिवस होता.

मुलीचं घर वर्कशॉपच्या वरच होतं. वडील मिस्त्री. पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडून त्यांत तांब्याची तार नव्याने भरायची, हा त्यांचा धंदा, आणि मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. जिन्यावर तारेला लावायच्या वॉर्निशचा वास येत होता. बैठकीच्या खोलीत भाऊजी, यजमान, माई आणि लेक अशा चौघा पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या दोन वर्कशॉपमधून आणलेल्या होत्या, हे त्यांच्या पायांवरच्या ग्रीसवरून कळत होतं. मिस्त्री कडक इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसले होते. सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता आणि त्यांचा हात सारखा तिकडे जात होता.

मुलगी बाहेर आली, बसली. बोटं धुतलेली होती, पण नखांच्या कडेला वॉर्निशची पिवळी रेघ तशीच. माईंना ती बोटं बघून बरं वाटलं. कामाची बोटं होती.

मग मुलीच्या आईने चहा आणला आणि बशी पुढे केली. “घ्या ना. सगळं हिनेच केलंय हं, घरच्या घरी.”

माईंनी बिस्किट उचललं आणि त्यांचा हात हवेतच थांबला. बिस्किटाच्या काठाला एका जागी बारीकशी खाच होती. बशीतल्या प्रत्येक बिस्किटाला, तशीच, तेवढीच. माईंच्या पितळी वाटीचा काठ एकदा फरशीवर पडून चेपला होता. नवी वाटी घ्यायचं दर महिन्याला ठरायचं आणि राहायचं. ही बिस्किटं त्यांनी परवा पहाटे भाजली होती.

माईंना आधी हसू आलं. ते त्यांनी चहाच्या कपात दडवलं.

भाऊजींनी मात्र लागोपाठ तीन खाल्ली. माईंच्या घरचं बिस्किट त्यांनी अकरा वर्षांत एकदाही तोंडात घातलं नव्हतं. विकायला केलेलं आपण खात नाही, असं ते नाक वर करून सांगायचे. आता ते मिटक्या मारत म्हणाले, “वा! ह्याला म्हणतात हात. बाजारात असलं मिळणार नाही, सांगून ठेवतो.”

“आणि ताई, तुम्ही काय करता घरी?” मुलीच्या आईने माईंना विचारलं.

“ती काय करणार?” भाऊजींनी परस्पर उत्तर दिलं. “सुखात आहे. आमच्या घरच्या बायकांना काही करावं लागत नाही.”

यजमान दाराशी काढून ठेवलेल्या स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. माईंच्या कानशिलांवर रक्त चढलं. पहाटेची अकरा वर्षं ह्या माणसाने एका वाक्यात पुसून टाकली होती, आणि तीही तोंडात त्यांचंच बिस्किट असताना.

भाऊजी मुलीकडे वळले. “बरं का गं, ह्यात लोणी किती घालतेस? माझ्या सूनबाईलाही शिकव जरा.”

मुलीने आईकडे पाहिलं. आई डोळ्यांनी काहीतरी सांगत होती. मुलीने खाली बघितलं, मग सरळ वर बघितलं.

“हे मी नाही केलं,” ती म्हणाली. “कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलंय. मला स्वयंपाकातलं काही येत नाही.”

“अगं!” आई पुटपुटली.

“नाही आई. वर्कशॉपमध्ये रोज चार वाजता आपण सगळे हीच खातो. कुणी बाई करतात, एवढंच माहीत आहे. मी भरलेली मोटार दुसऱ्या कुणी आपली म्हणून सांगितली, तर मला चालेल का? मग त्यांचं काम मी आपलं म्हणून कसं सांगू?”

मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला. सोयरीक मोडलीच असं धरून त्यांनी डोळे मिटून घेतले.

माईंनी कप खाली ठेवला. बोलताना आवाज थरथरला नाही, ह्याचं नंतर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

“ती बाई मी,” त्या म्हणाल्या. “ही काठाची खाच बघा. माझ्या वाटीचा काठ चेपलाय. रोज पहाटे उठून मी करते आणि दुपारी विकते. लोणी किती ते भाऊजींना मीच सांगेन, त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही म्हणून राहिलं.”

भाऊजींचं चौथं बिस्किट बशी आणि तोंड ह्यांच्या मधेच अडकलं. “अगं, काय बोलतेस तू? चार माणसांत—” ते यजमानांकडे वळले. “अरे, सांग हिला काहीतरी.”

यजमानांनी घसा खाकरला. ते बोलायला लागले तेव्हा माईंनी सवयीने मन घट्ट केलं. आता वेळ जात नाही म्हणतील, असं त्यांना वाटलं.

“दादा, ती खरं बोलतेय,” यजमान म्हणाले. “घर तिने चालवलं. मला सांगायची लाज वाटायची. ती माझी चूक.”

एवढं बोलून ते पुन्हा चपलांकडे बघायला लागले, पण मान आधीइतकी खाली नव्हती.

भाऊजींनी मग शेवटचा उपाय म्हणून कचेरीचा आवाज काढला. “ते असू द्या. मुद्द्याचं बोलू. मुलगा शिकलेला आहे, यंत्राचं आपलं बोलणं व्हायचंय.”

मिस्त्रींनी घाईघाईने खिशातला कागद काढला. “आम्ही लिहून ठेवलंय, साहेब. काय काय जमेल ते. यंत्राचंही बघतोय. वर्कशॉपची पुढची बाजू विकायची तयारी आहे.” हे म्हणताना त्यांनी मुलीकडे बघायचं टाळलं. वर्कशॉपच्या पुढच्या बाजूला तिचं टेबल होतं.

कागद भाऊजींच्या हातात जायच्या आधी माईंनी हात पुढे केला. मिस्त्रींना काय करावं कळेना. त्यांनी तो माईंच्या हातावर ठेवला. माईंनी घडी उघडली नाही. कागद तसाच मिस्त्रींना परत दिला.

“हा मी उघडला, तर माझ्या पोराची किंमत मला कळेल,” त्या म्हणाल्या. “ती मला जाणून घ्यायची नाही. वर्कशॉप आहे तसं राहू द्या. मुलीला आमचा मुलगा पसंत असेल तर तेवढं सांगा.”

“पसंत आहे,” मुलगी म्हणाली. तिने कुणाची परवानगी घेतली नाही.

“थांबा!” भाऊजी उभे राहिले. “लग्न ह्याचं आहे. हाच सांगेल.” आणि ते पुतण्याकडे वळले. “तू बोल. तुला धंदा काढून द्यायला निघालोय मी. आणि ही मुलगी, स्वतःच्या तोंडाने सांगते की हिला साधं जेवण करता येत नाही. उद्या उपाशी राहशील. बोल, काय म्हणणं आहे तुझं?”

माईंनी नवऱ्याला बोलताना ऐकलं होतं, त्या स्वतः बोलल्या होत्या, पण आता ह्या पोराने ‘बघू’ म्हटलं की सगळं पाण्यात. ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तोच मान खाली घालून बसला होता. त्याला मदत करायला त्यांचे ओठ हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले. हे त्याचं त्यालाच बोलायला हवं होतं.

लेक उठून उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काकांपुढे उभं राहून बोलायची त्याची ही पहिलीच वेळ.

“काका, यंत्र नको,” तो म्हणाला. “मी आईचा मुलगा आहे, मला कमवता येतं. आणि जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाक मला येतो. आई भट्टीपाशी असायची, तेव्हा घरात सगळ्यांचं मीच करायचो.”

मुलगी हसली. मिस्त्रींनी कागदाचे दोन तुकडे केले, मग चार, आणि ते कुठे टाकावेत हे न कळून हातातच धरून बसले.

लेकाला नोकरी लागली त्या दिवशी माईंनी सगळ्या गल्लीत मिरवलं होतं. पण आज, दुसऱ्याच्या घरात, ग्रीस लागलेल्या खुर्चीवर बसून त्यांना त्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा तेव्हाही वाटला नव्हता.