पायरीवरचं भांडं

ग्लेनॉर गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळीत कोणी आजारी पडलं, की देवाच्या आधी उना गिलफिलनला कळतं, असं लोक म्हणत. म्हणताना थोडी कुरबुर असायची, पण उनाने ती कायम शाबासकी म्हणूनच घेतली. कोणाचा पाय मोडो, कोणाकडे बाळ होवो, कोणाचा नवरा जावो, दुसऱ्या दिवशी दुपारी उना दारात हजर. हातात नारिंगी झाकणाचं काचेचं भांडं, भांड्यात मटणाचा स्ट्यू, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर शाईने लिहिलेलं नाव, 'गिलफिलन'. म्हणजे कोणी विसरायला नको.

भांडं रिकामं परत करायचं नाही, हा गावचा रिवाज. उनाचं भांडं लख्ख घासून, आत चार अंडी नाहीतर बागेतली पालेभाजी घालून परत यायचं. यावरून आपल्या हाताला चव आहे असा निष्कर्ष तिने कधीच काढून ठेवला होता. स्ट्यू सासूच्या कृतीने व्हायचा. स्वतः उनाने तो कधी तोंडात घातला नव्हता. जे द्यायचं ते सगळंच्या सगळं द्यायचं, मागे वाटीभरसुद्धा ठेवायचं नाही, हे तिचं तत्त्व. स्ट्यूच्या दिवशी ती आणि नवरा टोस्टवर भागवत. नवरा बिचारा त्या दिवशी फार खूश दिसायचा. का, ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही.

चर्चचा मदतगट तिच्याकडे आला, तेव्हा तिने पहिला नियम केला: जेवण पायरीवर ठेवा, बेल वाजवा आणि निघा. दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसायचं नाही. आजारी बाईने केस विंचरलेले नसतात, घरात पसारा असतो, तिला कशाला लाजवायचं? पाळकांनी या नियमाची उपासनेत स्तुती केली. उना मान खाली घालून बसली होती, पण कान वर होते.

मग त्या जूनमध्ये उनाचं खुब्याचं हाड बदललं.

मुलगी कट्रीना ब्रिस्बेनहून आली, काही आठवडे राहिली आणि नोकरीवर परत गेली. जाताना तिने बजावलं, "आई, वाकायचं नाही. अजिबात. डॉक्टरांनी काय सांगितलंय? वाकलीस तर सांधा निसटेल."

"मी काय नाचायला जातेय का?" उना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. चालायला दिलेल्या चाकांच्या चौकटीला धरून उना पाऊल पाऊल करत दाराशी पोचेपर्यंत फाटकाबाहेर गाडी सुरू होऊन गेलीसुद्धा. नियमाला धरूनच झालं सगळं. पायरीवर जर्दाळू घातलेल्या कोंबडीचं भांडं ठेवलेलं, झाकणाच्या कडेने वाफ येत होती. उना दारात उभी राहिली आणि तिने खाली पाहिलं. पायरी होती तिच्या घोट्यांच्याही खाली. तिथवर पोचायचं तर वाकायला हवं, आणि वाकायचं नाही.

अख्ख्या मदतगटात हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. उनाच्याही नाही, आणि नियम तर तिचाच.

इस्पितळातून वस्तू उचलायची एक चिमट्याची काठी मिळाली होती. तिने मोजा उचलता येतो, वर्तमानपत्र येतं. उनाने ती काठी भांड्याकडे नेली, तर झाकण तेवढं उचललं गेलं आणि घरंगळत फाटकापर्यंत पोचलं. त्या आवाजाने शेजारच्या वॉटी ड्रीव्हरची मेंढ्या राखणारी कुत्री, टेस, कुंपणाखालून आली. तिने आधी उनाकडे पाहिलं, मग कोंबडीकडे. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची सोय असते. इथे भीकही होती, कुत्रंही होतं आणि आवरायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी थेल्मा पुलरचा फोन आला. थेल्मा म्हणजे मदतगटातली उनाच्या खालोखालची बाई, आणि हे खालोखाल तिला फार वर्षं बोचत होतं.

"काय गं, पोचली का कोंबडी? कशी झाली होती?"

'थेल्मा, मला वाकता येत नाही, उद्या जरा आत येशील का?' एवढंच म्हणायचं होतं. पण तीस वर्षं जिने गावाला जेवण पोचवलं, तिने थेल्मा पुलरला मदत मागायची? उनाच्या तोंडून निघालं, "अगदी छान! कण शिल्लक ठेवला नाही."

ते मात्र खरं होतं.

मग रोज हेच चालू झालं. खिमा-बटाटा आला, मॅकरोनी आली, चीज रोल आले. बेल, गाडीचा आवाज, टेस. दुसऱ्या दिवशी नवीन भांडं ठेवायला येणारी बाई कालचं भांडं उचलून न्यायची, तर ते चाटूनपुसून चकचकीत. उनाला भूक चांगली लागतेय म्हणून सगळी मंडळी समाधानी होती. वाट्याचं प्रमाणही वाढवलं म्हणे. आणि उना स्वयंपाकघरात उभ्याने ओटचं खिमट खात होती. मदत हसतमुखाने घेणं हीसुद्धा देवाची सेवाच आहे, असं तिने इस्पितळातल्या किती खाटांशी उभं राहून सांगितलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खिमट मात्र चिकट होतं.

कट्रीनाला फोनवरही आवाजातलं कळायचं. "आई, तू बारीक झालीयेस."

"फोनवर वजन कळतं का तुला?"

"शहरातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे. रविवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय. रोज एक माणूस घरात येऊन तुला बघून जाणार असेल, तर राहा तिथेच. पण आत येऊन. दारातून नाही. मला एक नाव सांग."

"अगं, सगळं गाव येतंय!"

"सगळं गाव नको. एक नाव."

उनाने सगळ्या गावाची नावं मनात फिरवून पाहिली. बेल वाजवून पळणारीच निघाली सगळी, तिनेच शिकवलेली. या घरात ती नवरी होऊन आली होती, नवरा याच घरातून गेला होता, आणि आता एका नावासाठी घर जाणार होतं. पहिल्यांदाच तिला भीती वाटली. रडूही आलं, पण चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातल्या बाईने ओटच्या खिमटात रडायचं म्हणजे फारच झालं, असं म्हणून तिने नाक पुसलं.

रविवारी उपासना सुटल्यावर बेल वाजली, गाडी गेली. उना उठलीच नाही. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. या गावात थाप म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार.

दारात वॉटी ड्रीव्हर, ऐंशीचा, चर्चचा कोट अंगात, टोपी हातात. मागे टेस, पोट जमिनीला टेकायला आलेलं.

"उना, माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "ही कुत्री आठवडाभर मेंढ्यांमागे धावायला तयार नाही. काल तिच्या मिशीला मॅकरोनी सापडली. माझ्या घरात मॅकरोनी कुठून येणार? तुझं जेवण चोरतेय ही बया, आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस!"

"खाऊ दे रे. मुकं जनावर."

"आणि तू काय खातेस?"

वॉटीने तिच्याकडे पाहिलं, तिच्या चौकटीकडे पाहिलं, मग पायरीकडे. ट्रॅक्टर सोडला तर वॉटीला कुठलीच गोष्ट पटकन कळत नसे, पण ही कळली. तो हसला नाही, आणि त्याबद्दल उनाने त्याला मनातल्या मनात बरंच काही माफ केलं.

"आजचं मात्र हिने सोडलंय," तो म्हणाला. पायरीवर एक भांडं होतं. झाकण टेसने नाकाने सरकवलेलं, आतलं जसंच्या तसं. वॉटीने ते उचलून पुढे धरलं आणि एकदम पोटाशी घेतलं. बुडावर पंजा पसरून धरला.

"काय लपवतोस?"

"काही नाही."

"वॉटी."

त्याने पंजा काढला. चिकटपट्टीवर शाईने लिहिलेलं होतं, 'गिलफिलन'.

हे भांडं हरवलं म्हणून उनाने मागच्या हिवाळ्यात आख्खा हॉल शोधला होता. कोणीतरी तिचा स्ट्यू न खाता चर्चच्या हॉलमधल्या फ्रीझरात सरकवून दिला होता. आणि आज पाळीवर असलेल्या थेल्माने घाईत, बर्फाखालचं नाव न वाचता, गरम करून आणून ठेवला होता. तोच टेसने हुंगून सोडला होता.

"आत ये," उना म्हणाली. "वाढ दोघांना."

वॉटीने वाढलं, पाव कापला, जेवणावर देवाचा आशीर्वाद मागितला. जरा जास्तच वेळ मागितला. उनाने पहिला घास घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. चावला, चावत राहिली आणि पाणी प्याली.

"वॉटी, तुझी जेसी गेली तेव्हा मी तुला आठवडाभर हाच दिला होता ना? कसा होता?"

"उना, रविवार आहे. रविवारी मला खोटं बोलवत नाही."

"म्हणून तर आज विचारतेय."

"जोडे उकळल्यासारखा," वॉटी म्हणाला.

उनाला हसू आलं. हसताना खुबा दुखला, तरी हसली. सगळं गाव, तीस वर्षं, आणि एकानेही सांगितलं नाही! ती अंडी चवीची नव्हती तर. दयेची होती.

"मग खाल्लास कशाला? द्यायचास कुत्र्याला."

"कुत्र्याने काय केलं होतं माझं?" वॉटी पावाने ताट पुसत म्हणाला. "बाकी सगळे पायरीवर ठेवून गेले. तू एकटी आत येऊन बसायचीस. समोरच, जेसीच्या खुर्चीत. माझं जेवण होईपर्यंत."

उनाचं हसू थांबलं. तिला तो आठवडा नीट आठवत होता. तिची बाकीची भांडी गावात अडकलेली, आणि त्याच आठवड्यात एका बाळंतिणीकडेही रोज स्ट्यू पोचवायचा होता. नियम सगळ्यांसाठी होता, पण भांडं तिचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसली असती तर वॉटीच्या डोळ्यांतली जेसीच्या खुर्चीतली बाई तशीच राहिली असती. पण जोड्यांबद्दल खरं ऐकून घेतल्यावर आता हात आखडता घेणं बरं दिसेना.

"वॉटी, मी तुझ्यासाठी नव्हते बसले रे. भांड्यासाठी बसले होते. लगेच परत हवं होतं मला."

"माहीत आहे की. सारखी भांड्याकडेच बघायचीस."

"माहीत होतं?"

"म्हणून तर मी हळूहळू खायचो," वॉटी म्हणाला.

फोन वाजला. ब्रिस्बेनचाच. वॉटीने उठून तो तिच्या हातात दिला.

"आई? काय ठरलं? नाव सांग," कट्रीना म्हणाली.

मोठ्ठं काहीतरी बोलून वेळ मारून नेणं उनाला येत होतं. त्यावर तिची निम्मी हयात गेली होती. तिने फोन छातीशी दाबून धरला. कोणाच्या दारात भांडं घेऊन जाणं याच्यापुढे सोपं होतं.

"वॉटी, उद्या येशील का? आत? मला वाकता येत नाही." ती थांबली. "आणि मला घर सोडायचं नाहीये."

वॉटीने उठून भांडं धुतलं, पुसलं, झाकण लावलं आणि काखेत मारलं.

"यावंच लागेल. भांडं परत करायचंय ना."

"अरे, भांडं माझंच आहे!"

"म्हणून तर परत करायचंय."

उनाने फोन कानाला लावला. "लिहून घे, कट्रीना. ड्रीव्हर. डीवरून." मग दाराकडे वळलेल्या वॉटीला तिने हाक मारली, "आणि वॉटी, रिवाज राहू दे बाजूला. रिकामंच आण."